लाकडाच्या जुन्या गिरण्यांना लाकूड, काम आणि शिकणारी पोरं मिळू द्या: खानदेशच्या तिन्ही जिल्हाधिकाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, जळगाव
मा. जिल्हाधिकारी, धुळे
मा. जिल्हाधिकारी, नंदुरबार

विषय: खानदेशातल्या जुन्या लाकूड गिरण्या आणि त्यांच्या आधाराने चालणारं सुतारकाम टिकवण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार.

मी अमळनेरची रहिवासी, शाळेत विज्ञान शिकवते. तुम्हा तिघांना एकच पत्र लिहिते आहे, कारण ज्या गिरण्यांबद्दल लिहायचं आहे त्या तिन्ही जिल्ह्यांत विखुरलेल्या आहेत आणि त्यांची अडचण सगळीकडे सारखीच आहे. खानदेशात अजून काही लाकडाच्या गिरण्या अशा आहेत की एका छपराखाली ओंडका चिरला जातो आणि लागूनच्या छपराखाली त्याच लाकडाचं चाक, जू, वखर, तिफण, दाराची चौकट होते. अशी गिरणी बंद पडली की यंत्र भंगारात जातं आणि मिस्तरी शहरातल्या एखाद्या दुकानात प्लायवूडला सनमायका चिकटवायला लागतो. बाकी जे काही त्याच्या हातात होतं ते त्याच्याबरोबर संपतं. ते संपू नये यासाठी तुमच्या अधिकारात बरंच आहे, आणि ते तुम्ही करावं अशी माझी कळकळीची मागणी आहे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही घरचे सगळे गाडीने तोरणमाळला निघालो होतो. वाटेत उनपदेवला गरम पाण्याचे झरे पाहिले, चोपडा सोडलं, अनेर ओलांडली. शिरपूरच्या दिशेने जाताना रस्त्याच्या कडेला ओंडक्यांचा ढीग आणि त्यामागे पत्र्याचं लांब छप्पर दिसलं, तसं सासऱ्यांनी गाडी थांबवायला सांगितली. ते ऐंशीच्या घरातले, जन्मभर शेती केलेले. भिंतीला टेकवून ठेवलेलं नवं कोरं चाक त्यांना धावत्या गाडीतून दिसलं होतं. उतरून ते थेट त्या चाकाशी गेले, तुंब्यावर, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्यावर, बोटाने टकटक केलं, एकेक आरा (तुंब्यापासून कडेपर्यंतचा दांडा) हलवून पाहिला आणि आत जाऊन विचारलं, "मिस्तरी, बाभूळ कुठली?" त्यानंतर आमची दुपार तिथेच गेली.

गिरणी चालवणाऱ्या आबांनी (गावात सगळे त्यांना आबाच म्हणतात) सगळं फिरवून दाखवलं. वर-खाली दोन मोठ्या चाकांवर फिरणारी करवतीची लांब पात, तिच्यासमोर रुळांवर सरकणारी ट्रॉली, ओंडका ट्रॉलीवर चढवायला पहारी आणि माणसांचे खांदे. पूर्वी हे ऑइल इंजिनवर चालायचं, आता विजेची मोटर आहे. पातीचे दात एकाआड एक डावी-उजवीकडे किंचित वाकवलेले असतात, म्हणजे चीर पातीपेक्षा जराशी रुंद पडते. तसं केलं नाही तर पात लाकडात आवळून बसते आणि तापते. दात बोथट झाले की पात उतरवायची, कानशीने एकेक दात घासायचा, वाक पुन्हा नीट करायचा. आबांचा मुलगा हे काम जमिनीवर बसून करत होता आणि त्याचं लक्ष आमच्याकडे अजिबात नव्हतं.

ओंडक्याचं माप त्यांनी माझ्या मुलीला तोंडी करून दाखवलं. टेप मधोमध गुंडाळली: गोलाई साठ इंच. तिची चौथाई पंधरा. पंधरा पंधरे सव्वादोनशे. लांबी आठ फूट, म्हणजे अठराशे. त्याला १४४ ने भागलं की साडेबारा घनफूट. मुलगी दहावीत आहे. तिने वर्तुळाच्या क्षेत्रफळाचं सूत्र लावून मोबाइलवर हिशोब केला आणि उत्तर आलं जवळपास सोळा घनफूट. तिला वाटलं आबा चुकले. आबांनी तिला ट्रॉलीपाशी नेलं आणि बाजूला पडलेली सालपटं नि भुशाचा ढीग दाखवला. गोल लाकडातून चौकोनी माल काढायचा तर कडा आणि भुसा जाणारच. चौथाईच्या मापात ती घट आधीच धरलेली असते. खऱ्या घनफळाच्या साधारण साडेअठ्ठ्याहत्तर टक्के या मापात येतात. लाकूड बाजारात पिढ्यानपिढ्या चालत आलेलं हे माप मी इतकी वर्षं गणित-विज्ञानाच्या सोबतीने घालवूनही कधी पाहिलं नव्हतं, आणि माझ्या शाळेतल्या एकाही मुलाने पाहिलेलं नसेल.

तिथे एक निंबाचा ओंडका वेगळा काढून ठेवला होता. रस्ता रुंदीकरणात पडलेलं झाड. रस्त्याकडेच्या झाडांवर आपण पाट्या, जाहिराती, तारा ठोकतो; झाड तो खिळा हळूहळू पोटात घेतं आणि वरून साल धरतं. चिरताना पात त्या खिळ्यावर गेली तर तुटते आणि तुटलेली पात माणसाच्या अंगावर येते. म्हणून आबा असा ओंडका आधी वाकसाने तासून काळा डाग शोधतात, कारण लोखंडाभोवती लाकूड काळवंडतं. गिरणीतल्या एका माणसाच्या उजव्या हाताची दोन पेरं नव्हती. झाडांवर खिळे ठोकणाऱ्यांवर तुम्ही कारवाई करा, ही मागणी या पत्राच्या विषयात बसत नसली तरी इथेच लिहून ठेवते.

आणि मग आम्ही धाव, म्हणजे लाकडी चाकावरची लोखंडी कड, चढवताना पाहिली. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यातल्या शेतकऱ्याचं चाक होतं. त्याच्या वाटेवर दगड आणि काटे इतके की रबरी टायरची गाडी दर आठवड्याला पंक्चर होते, म्हणून त्याला लाकडी चाकच हवं होतं. मधे बाभळीचा तुंबा, त्यात ठोकून बसवलेले बारा आरे, दोन-दोन आऱ्यांवर एक असे सहा पुठ्ठे, म्हणजे कडेच्या गोलाईचे लाकडी तुकडे. आबांकडच्या सुतारकामाच्या मिस्तरींनी चाकाच्या कडेने सुतळी फिरवून घेर मोजला आणि लोखंडी धाव त्या घेराहून बोटभर कमी ठेवून शेजारच्या लोहारदादांकडून जोडून घेतली. मग धाव जमिनीवर आडवी ठेवली, तिच्याभोवती गोवऱ्या रचून पेटवल्या. लोखंड लालसर झालं तसं तिघांनी सांडशींनी धरून ते चाकावर आणलं, घणाचे हलके ठोके देत बसवलं आणि लगेच चहूबाजूंनी पाणी ओतलं. वाफेत काही दिसेना. पण आवाज ऐकू आला: आवळल्या जाणाऱ्या लाकडाचा करकर आवाज, एकेक आरा आपापल्या खाचेत शेवटचा बसल्याचा.

मी वर्गात उष्णतेने होणारं प्रसरण शिकवते तेव्हा गोळा आणि कडं दाखवते. गोळा थंड असताना कड्यातून जातो, तापवला की जात नाही. मुलं बघतात आणि विसरतात. इथे तेच प्रसरण कामाला लावलेलं होतं. चार फुटी चाकाचा घेर साधारण दीडशे इंच. लोखंड पाचशे अंशांनी तापलं तर तेवढा घेर पाऊण ते एक इंचाने वाढतो. मिस्तरींचं "बोटभर" नेमकं तेवढंच आहे. ते कमी झालं तर चाक वर्षभरात खिळखिळं होतं, जास्त झालं तर धाव बसतच नाही किंवा आवळताना आरे मोडते. हे माप त्यांना कोणी लिहून दिलेलं नाही, आणि त्यांच्यानंतर ते कोणाला विचारायचं हेही आज ठरलेलं नाही.

मी मिस्तरींना विचारलं, हाताखाली शिकणारं कोणी आहे का? ते म्हणाले, "आते कोन्ही पोऱ्या शिकाले येस नही, ताई. उना तं दोन रोजमा पयी जास." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पोरं का पळतात तेही त्यांनीच सांगितलं. शिकताना पहिली दोन-तीन वर्षं हाताला पैसे नाहीत. पूर्वी गाव बलुतं द्यायचं, शिकाऊ पोरगा घरातलाच असायचा, त्याचं पोट त्या धान्यात भरायचं. आता धान्य नाही, रोख मजुरी कामाप्रमाणे, आणि नवशिक्याकडून काम निघत नाही. शिरपूर-चोपड्याच्या कारखान्यांत किंवा सुरतेला गेलं की पहिल्या महिन्यापासून पगार मिळतो. कोणता बाप पोराला इथे ठेवील?

सरकार या बाबतीत काहीच करत नाही असं मी म्हणणार नाही. प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, तिच्या अठरा व्यवसायांत सुतार आहेत. पाच-सात दिवसांचं प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपये, पाच टक्के व्याजाने आधी एक लाखाचं आणि मग दोन लाखांचं कर्ज. योजनेची जिल्हा अंमलबजावणी समिती तुमच्याच अध्यक्षतेखाली आहे. आबांच्या मिस्तरींना त्यातून उपयोग झाला असता. पण ही योजना आधीपासून काम येणाऱ्याला बळ देते. ज्याला काम येतच नाही अशा सोळा-सतरा वर्षांच्या पोराला मिस्तरीच्या हाताखाली दोन वर्षं उभं ठेवायची सोय तिच्यात नाही.

दुसरीकडे आपल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत सुतारकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, आठवी पास मुलाला प्रवेश मिळतो. तिथे रंधा, पटाशी, कुसू-खाचेचे जोड नीट शिकवले जातात. पण चाक, तिफण, वखर, धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घराची तुळई हे त्या अभ्यासक्रमात कुठून येणार? आणि शिकाऊ उमेदवारीच्या नियमांत किमान चार माणसं कामाला असलेली आस्थापना लागते. आबांच्याकडे सुतारकामाला मिस्तरी आणि हाताखाली एक माणूस. म्हणजे जिथे शिकायला हवं तीच जागा नियमात बसत नाही.

तुमच्याकडून मला इथे एक गोष्ट हवी आहे. जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण योजनांसाठी निधी असतो. त्यातून दर वर्षी प्रत्येक जिल्ह्यात मोजकी मुलं, सुतारकामाचा अभ्यासक्रम झालेली, अशा गिरण्यांमधल्या मिस्तरींकडे दोन हंगामांसाठी पाठवा. मुलाला विद्यावेतन द्या आणि मिस्तरींनाही मानधन द्या. मानधन यासाठी की शिकवण्यात त्यांचं काम बुडतं आणि लाकूड वाया जातं. कार्यशाळा, एक दिवसाचं प्रात्यक्षिक, फोटो आणि सत्कार असला कार्यक्रम करू नका. धाव चढवणं एकदा पाहून येत नाही.

आता लाकडाचं. आधीच स्पष्ट करते की जंगल मोकळं करा असं माझं म्हणणं नाही. सातपुडा कसा उघडा पडला आहे ते आम्ही रोज बघतो. यावल अभयारण्य १९६९ मध्ये झालं, १७७ चौरस किलोमीटरचं, आणि तिथल्या सागाच्या चोरट्या तोडीच्या बातम्या आम्ही आजही वाचतो. सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीबाबतच्या गोदावर्मन प्रकरणात १२ डिसेंबर १९९६ ला दिलेला आदेश, २००२ मध्ये परवानगीशिवाय नवीन आरा गिरण्या (लाकूड चिरायच्या गिरण्या) काढायला घातलेली बंदी, २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे राज्यस्तरीय समितीकडे गेलेलं परवान्याचं काम, हे सगळं गरजेचं होतं आणि आहे. मात्र याचा दुसरा अर्थही तुम्ही ध्यानात घ्यावा. आज जी परवाना असलेली जुनी गिरणी चालू आहे ती बंद पडली तर तिच्या जागी दुसरी सहजासहजी उभी राहणार नाही. नियम जेवढे कडक, तेवढी अशी प्रामाणिक गिरणी जपायची जबाबदारी मोठी.

आबांच्या आवारात आम्ही पाहिलं ते लाकूड सगळं गावशिवारातलं: बांधावरची बाभूळ, रस्त्याकडेचा निंब, वठलेला आंबा, आणि पाडलेल्या धाब्याच्या घरांमधलं जुनं सागवान. हे शेवटचं बघून जीव तुटला. खानदेशातल्या गावागावात मातीची धाब्याची घरं पडताहेत, स्लॅबची होताहेत. राहणाऱ्यांना पक्कं घर हवं, त्यांना दोष देता येत नाही. पण त्या घरांचे खांब, तुळया, कड्या शंभर-शंभर वर्षांच्या सागाच्या आहेत. एका चौकटीची गणेशपट्टी अजून शाबूत होती, शेंदराचे थर चढलेली, खाली कमळाची वेल. आबांनी ती चिरायला घेतली नव्हती. "कोन्ही नेई तं देई टाकसू," असं म्हणाले. मी विचारलं, किती दिवस? त्यांनी फक्त हसून मान हलवली. घरकुल योजनेत जुनं घर पाडायच्या आधी ग्रामसेवकाने अशा कोरीव लाकडाचे दोन फोटो काढून तालुक्याला पाठवले तरी निदान काय होतं आणि काय गेलं याची नोंद राहील.

बाभळीबद्दल सांगते, कारण शेतीची अवजारं आणि चाकं म्हणजे मुख्यतः बाभूळ. लाकूड कठीण, चिवट, घावाला टिकणारं. ओलं वापरलं तर भुंगा लागतो आणि तडकतं. म्हणून जुने लोक ओंडका काही महिने डोहात किंवा तळ्यात बुडवून ठेवत, मग सावलीत वाळवत. आपल्याकडच्या वैशाखात लाकूड उन्हात राहिलं तर टोकाकडून उभं फाटतं, म्हणून आबा ओंडक्यांची तोंडं शेणमातीने लिंपून ठेवतात. एवढी काळजी घ्यायची तर लाकूड वेळेवर आणि निवडून मिळायला हवं, आणि नेमकं तिथेच अडतं.

महामार्गांच्या चौपदरीकरणात आपल्या भागातली किती मोठमोठी झाडं गेली ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ती झाडं पडायला नको होती असं मला वाटतं, पण पडली ती पडली. निदान त्यांच्या लाकडाचं काहीतरी व्हावं. आबांनी एका कार्यालयात जाऊन चौकशी केली होती. कार्यालयाचं नाव इथे घेत नाही. त्यांना सांगण्यात आलं की माल एकगठ्ठा विकला जातो, निंब, चिंच, बाभूळ, जळाऊ सगळं एकत्र. अनामत रक्कम आबांच्या वर्षभराच्या उलाढालीच्या पुढची. ज्या व्यापाऱ्याने लॉट घेतला त्याच्याकडून सुटा ओंडका घ्या, असा सल्ला मिळाला. व्यापाऱ्याला ओंडके निवडत बसायला वेळ नव्हता. आबांच्या सांगण्याप्रमाणे त्यातलं बरंचसं लाकूड वीटभट्टीवर गेलं. चाकाचा तुंबा होऊ शकणारी बाभूळ जळणात जाते आणि तुंब्यासाठी बाभूळ शोधत मिस्तरी गावोगाव फिरतात, हे दोन्ही एकाच तालुक्यात एकाच वेळी घडतं आहे.

लिलावाच्या अटी तुमच्या पातळीवर बदलता येतील किंवा बदलण्यासाठी संबंधित खात्याला तुम्ही लिहू शकता. तोडलेल्या झाडांचे जातीप्रमाणे लहान ढीग पाडा. त्यातला काही भाग आधी परवानाधारक छोट्या गिरण्यांना आणि विश्वकर्मा योजनेत नोंद झालेल्या सुतारांना बोली लावण्यासाठी ठेवा, उरेल ते खुशाल मोठ्या लॉटमध्ये जाऊ द्या. सरकारचं उत्पन्न यात बुडण्याची शक्यता मला दिसत नाही. निवडलेल्या इमारती लाकडाला जळणापेक्षा भाव जास्तच येतो.

शेतकऱ्याची भीतीही घालवायला हवी. १९६४ च्या महाराष्ट्र झाडतोड अधिनियमाच्या अनुसूचीत साग, खैर, तिवस, अंजन, हळदू, ऐन, आंबा, चिंच, मोह वगैरे झाडं आहेत. बाभूळ आणि निंब नाहीत. हे गावात कोणालाही ठाऊक नाही. सासऱ्यांनाही नव्हतं. बांधावरची वाळलेली बाभूळ ट्रॅक्टरमध्ये घालून गिरणीत न्यायची म्हटली की शेतकऱ्याला वाटतं रस्त्यात कोणीतरी अडवणार, मग तो ती जळणवाल्याला जागेवरच देऊन टाकतो. कोणत्या झाडाला परवानगी लागते, कोणाची, वाहतुकीला कोणता कागद लागतो, अर्ज कुठे करायचा, किती दिवसांत उत्तर मिळतं, एवढं एका पानावर साध्या मराठीत छापून प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. पाड्यांवर अहिराणी, भिलोरी, पावरीतही सांगा. सामाजिक वनीकरण विभागाला नाल्यांच्या काठी बाभूळ, बांधांवर शिसव, तिवस लावायला सांगा. आज लावलेली बाभूळ चाकाला यायला पंधरा-वीस वर्षं लागतील.

कोणी म्हणेल, आता बैलगाड्या राहिल्या कुठे? ट्रॅक्टर आला, पेरणी यंत्र आलं. खरं आहे, आणि ट्रॅक्टर येऊ नये असं मला वाटत नाही. पण धडगाव, अक्कलकुव्याच्या डोंगरउतारावरच्या लहान तुकड्यांत ट्रॅक्टर चढत नाही. तिथे बैल आहेत आणि लाकडी अवजार लागतं. तिफणीचं चाडं तरी बघा. बी ज्यातून तिन्ही नळ्यांत वाटलं जातं ती लाकडी वाटी. तिची तिन्ही भोकं सारखी आणि सारख्या उताराची नसतील तर एक ओळ दाट आणि एक विरळ उगवते, आणि पिकाची ती चूक शेतकरी चार महिने बघत राहतो. कृषी विभाग अनुदानावर जी अवजारं देतो त्यांच्या यादीत डोंगरी भागासाठी चांगल्या मिस्तरींनी केलेली बैलांची अवजारं घालता येतील का, हे नंदुरबारच्या जिल्हाधिकाऱ्यांनी विशेष करून पाहावं.

आणि रथ. खानदेश हा रथांचा मुलूख आहे. जळगावचा श्रीरामाचा रथ अप्पा महाराजांनी १८७२ मध्ये सुरू केला, कार्तिकी एकादशीला तो आजही निघतो. आमच्या अमळनेरला सखाराम महाराजांच्या यात्रेत वैशाखात रथ निघतो. पारोळा, शिरपूर इथे बालाजीचे रथ आहेत. जळगावच्या रथाला ना ब्रेक ना स्टेअरिंग. अरुंद गल्लीत चाकाखाली लाकडी मोगरी, म्हणजे अडसराचा ठोकळा, टाकून तो वळवायचा आणि थांबवायचा, ते काम ठरलेली माणसं पिढीजात करतात. हजारो माणसं त्या चाकांच्या हाताभर अंतरावर उभी असतात. त्या चाकांचा तुंबा तपासणारा, आरा बदलणारा मिस्तरी पुढच्या पन्नास वर्षांनी कुठून आणायचा? यात्रेच्या आधी तुम्ही सुरक्षेची बैठक घेता, पोलीस, वीज मंडळ, अग्निशमन सगळे येतात. त्या बैठकीत लाकडी चाकं जाणणाऱ्या मिस्तरींना बसवा, त्यांच्याकडून रथाची लेखी तपासणी करून घ्या, तिचे पैसे द्या. संस्थानांच्या विश्वस्तांशी बोलून रथांची मापं आणि लाकडाच्या जाती एकदा नोंदवून ठेवा. शिकाऊ मुलांना याहून चांगलं काम मिळणार नाही.

गिरण्यांकडून काही मागायचं असेल तर तेही मागा. पट्ट्यांवर आणि पातीवर संरक्षक जाळी हवी. नाकाला मास्क हवा. लाकडाची बारीक धूळ कर्करोगाला कारण ठरते हे जागतिक पातळीवर मान्य झालेलं आहे, आणि आम्ही पाहिलं तेव्हा ट्रॉली ढकलणाऱ्याने तोंडाला फक्त गमछा बांधला होता. परवान्याच्या नूतनीकरणाला येणाऱ्या अधिकाऱ्याने दंडाची पावती फाडण्याआधी ही जाळी कुठे मिळते, किती खर्च येतो, कर्ज कसं मिळतं हे सांगितलं तर पुढच्या माणसाची पेरं वाचतील.

रस्त्याने जाताना आता ढाब्यांच्या आणि रिसॉर्टच्या दारात जुनी चाकं रंगवून उभी केलेली दिसतात. पर्यटन म्हणून तेवढ्यावर थांबू नका. तोरणमाळला, उनपदेवला, सारंगखेड्याच्या यात्रेला येणाऱ्या लोकांना वाटेवरची चालती गिरणी बघायला आवडेल, आमच्या घरच्यांना आवडली तशी. पण बघणाऱ्यांसाठी म्हणून गिरणी चालवायची वेळ येऊ नये. शाळांच्या सहली मात्र जरूर पाठवा. माझ्या वर्गाची सहल मी नेणारच आहे.

या सगळ्यातलं तुम्हाला लगेच जमण्यासारखं सांगते. येत्या पावसाळ्याआधी तुमच्या जिल्ह्यात परवाना असलेल्या कोणत्या गिरण्यांना लागून सुतारकाम चालतं, तिथले मिस्तरी कोण, त्यांचं वय काय, हाताखाली कोणी आहे का, याची यादी तलाठी आणि वनरक्षक यांच्याकडून करून घ्या. रस्त्याकडेच्या झाडांच्या लिलावाची पुढची जाहिरात निघेल तेव्हा तिच्यात लहान ढिगांचं कलम असू द्या. शिकाऊ मुलांच्या विद्यावेतनाचा प्रस्ताव जिल्हा नियोजन समितीच्या येत्या बैठकीत मांडा. प्रस्ताव लिहायला, गिरण्यांची माहिती गोळा करायला, मुलांशी बोलायला आम्ही शिक्षक मंडळी विनामोबदला मदत करू. तुमच्या कार्यालयातून निरोप आला की अमळनेरहून लगेच येऊ.

आपली नम्र,
अमळनेरची एक शिक्षिका